भोपळ्यातला पॉडकास्ट

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. छप्पर नव्हतं, पण जंगलातल्या शाळेला ते चालतं. एका मोठ्या दगडाच्या सावलीत वर्ग भरायचा. फळा होता, घंटा होती आणि उशिरा येणारी मुलं होती. म्हणजे शाळाच होती.

या जंगलाचा राजा वाघ होता. तुम्ही विचाराल, सिंह का नाही? त्या बाजूला सिंह नसतात. आहे त्या राजावर भागवावं लागतं.

वाघ म्हातारा झाला होता. त्याचा पुढचा उजवा पाय दुखायचा. पूर्वी सावज दिसलं की तो धावायचा. आता दिसलं की खाली बसायचा. शिवाय सावज दिसायचंही कमी. वाघ गुहेबाहेर पडला की माकडं झाडावरून ओरडायची, भेकरं भुंकायची, आणि सगळे आपापल्या वाटेनं पसार व्हायचे. कोण कुठे राहतं, घरी केव्हा असतं, एकटं केव्हा सापडतं, काही म्हणजे काही वाघाला ठाऊक नव्हतं. राजाला प्रजेचे पत्ते माहीत नसावेत, ही राज्यकारभारातली फार मोठी अडचण आहे.

तरस हा वाघाचा चिटणीस होता. वाघाचं उरलेलं संपवणं हे त्याचं काम. हल्ली वाघाचं काही उरत नव्हतं, त्यामुळे तरस आधी वाळला.

एकदा तो वाघाला म्हणाला, "महाराज, आपण यांना शोधत कशाला फिरायचं? त्यांनाच सांगू देत."

"कोण सांगेल मला?" वाघ म्हणाला.

"मोठे नाही सांगणार. मुलं सांगतील. शाळेत सांगायला लावलं की मुलं काहीही सांगतात."

झालं. फर्मान निघालं. प्रजेचा आवाज राजापर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी शाळेतल्या प्रत्येक मुलानं स्वतःचा पॉडकास्ट तयार करावा. विषय: माझं घर, घरची मंडळी आणि आमचा दिनक्रम. सर्व पॉडकास्ट महाराज स्वतः ऐकतील.

जंगलात आनंदीआनंद झाला. आजवर राजानं कुणाचं काही ऐकलं नव्हतं. आता तो चक्क मुलांचं ऐकणार होता. एका म्हाताऱ्या माकडाला गहिवरून आलं आणि ते फांदीवरून पडलं.

शाळेत धनेश सर नावाचे नवे शिक्षक होते. मोठी चोच, स्वच्छ पंख आणि मनानं अगदी निर्मळ. ते नुकतेच डोंगरापलीकडे पॉडकास्टच्या कार्यशाळेला जाऊन आले होते. येताना त्यांना तिथून एक पिशवीही मिळाली होती. त्यामुळे या विषयातलं सगळं त्यांनाच कळतं, हे सर्वांनी मान्य केलं.

सरांनी प्रत्येक मुलाला एकेक वाळका भोपळा वाटला. पूर्वी शाळेत भोपळा मिळाला की मुलं रडायची. आता नाचायला लागली.

पॉडकास्ट करायची रीत सोपी होती. भोपळ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलायचं. बोलून झालं की मधाच्या पोळ्याचं मेण लावून भोपळा बंद करायचा. ज्याला ऐकायचं असेल त्यानं मेण काढायचं. आवाज ज्या क्रमानं आत गेला, त्याच क्रमानं बाहेर येणार. मधलं गाळून शेवटचं ऐकता येत नाही. परत पहिल्यापासूनही ऐकता येत नाही. एकदा भोपळा रिकामा झाला की झाला.

सर स्वतः रोज एक भोपळा भरायचे आणि आपल्या बायकोला ऐकवायचे. तुम्हाला माहीत असेल, धनेशाची मादी अंडी घालायची वेळ आली की ढोलीत बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. त्या फटीतून सर तिला फळं भरवायचे आणि पॉडकास्ट ऐकवायचे. ती एक शब्द न बोलता शेवटपर्यंत ऐकायची. आपला पॉडकास्ट अतिशय लोकप्रिय आहे, असं सरांचं मत होतं.

सर मनापासून शिकवायचे. ते म्हणायचे, मनमोकळं बोला, खरं बोला आणि नेमकं बोला. तिसऱ्या गोष्टीवर त्यांचा फार भर होता. एखादं पोर म्हणालं, आमचं घर झाडाखाली आहे, की सर मान हलवायचे.

"कुठल्या झाडाखाली? डावीकडच्या की उजवीकडच्या? ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाट उभी राहिली पाहिजे. त्याला वाटलं पाहिजे, आत्ता उठावं आणि तिथे जावं."

हे सगळं सर अगदी चांगल्या मनानं सांगत होते. म्हणून तर मुलं ऐकत होती.

वर्गात गबू नावाचं रानडुकराचं पिल्लू होतं. त्याला लाज कशाची ती माहीत नव्हती. नमुना म्हणून सरांनी पहिला पॉडकास्ट त्याच्याकडून करून घेतला. गबू भोपळ्यात म्हणाला, "मी गबू. आमचं घर ओढ्याच्या वळणावर, मोडक्या उंबराखाली आहे. दुपारी सगळे कंद उकरायला जातात. मामा एकटाच चिखलात झोपतो. तो इतका घोरतो की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. धन्यवाद."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. याला म्हणतात नेमकं, असं ते म्हणाले. भोपळा त्याच दिवशी गुहेत पोचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाघ ओढ्याच्या वळणावर गेला. मामा चिखलात झोपला होता. पण चिखलानं तो इतका बुळबुळीत झाला होता की वाघाच्या तोंडात फक्त शेपूट आलं. मामा पळाला. शेपटावर वाघाचं काय भागणार? पण युक्ती लागू पडते हे त्याला कळलं. वाट पाऊलभरही चुकली नव्हती.

गबूच्या घरच्यांनी लगेच बिऱ्हाड हलवलं. गबू शाळेत यायचा बंद झाला. तरसानं मात्र शाळेत येऊन सरांना वेगळंच सांगितलं. महाराज पॉडकास्ट ऐकून इतके भारावले, की स्वतः गबूच्या घरी जाऊन आले. सरांनी ते वर्गात जाहीर केलं. यालाच प्रतिसाद म्हणतात, असंही सांगितलं. सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांत रुंजीच्याही टाळ्या होत्या. रुंजी म्हणजे भेकराची पोर. भेकराचा आवाज किती मोठा असतो, ते ज्यानं रानात ऐकलंय त्याला विचारा. पण रुंजीचा आवाज वाळलेलं पान घसरावं तसा होता. हजेरीच्या वेळी ती "हजर" म्हणायची आणि सर तिला गैरहजर लावायचे. तिला स्वतःबद्दल बोलायची भारी लाज वाटायची. आपल्यात सांगण्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

आता मात्र तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. तिला भाऊ झाला होता.

भाऊ अजून उभा राहायला गेला की पडायचा. त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके होते. आई त्याला टेकडीमागच्या करवंदीच्या जाळीत लपवून सकाळी चरायला जायची. तो तिथे हू की चू न करता पडून राहायचा. जाळीला एकच वाट होती आणि ती फक्त रुंजीला आणि आईला माहीत होती. रुंजीला वाटायचं, सगळ्या जगाला ओरडून सांगावं, माझा भाऊ बघा. पण ओरडायची तिला लाज वाटायची.

धनेश सरांनी तिला जवळ बोलावून समजावलं. जी मुलं बोलणार नाहीत ती याच वर्गात राहतील. आणि ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्याबद्दल बोललं की आवाज आपोआप फुटतो. हे त्यांनी कार्यशाळेत ऐकलं होतं. खरंही होतं.

रुंजी भोपळ्याशी बसली आणि भावाबद्दल बोलायला लागली. त्याचे ठिपके, त्याचे पाय, त्याची जाळी, जाळीची वाट, आई कधी जाते आणि कधी येते. सर तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका साळिंदरबाई. बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्या त्याच दिवशी परतल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, काय चाललंय? सरांनी अभिमानानं दोन-तीन भोपळे उघडून त्यांना ऐकवले. बाई ऐकत होत्या आणि त्यांची मुद्रा कडक होत चालली होती.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "स्वागत कुठे आहे? प्रास्ताविक कुठे आहे? साक्षात महाराज ऐकणार आणि आपली मुलं सरळ मुद्द्यालाच हात घालणार?"

सरांनी परोपरीनं सांगून पाहिलं. पॉडकास्ट म्हणजे कार्यक्रम नव्हे. पहिल्याच वाक्यात ऐकणाऱ्याला पकडायचं असतं. एवढं सगळं घातलं तर ऐकणारा कंटाळेल.

"कंटाळला तर कंटाळू दे," बाई म्हणाल्या. "अपमान होता कामा नये."

आणि बाईंचे काटे उभे राहिले. चर्चा संपली.

बाईंनी सगळे भोपळे रिकामे करवले आणि मुलांना पुन्हा बोलायला बसवलं. आधी व्यासपीठाला वंदन. मग उपस्थितांचा नावासकट आणि हुद्द्यासकट उल्लेख. मग स्वागतगीत, सगळ्या कडव्यांसह. मग प्रास्ताविक. मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय, मग सत्कार, मग पाहुण्यांना मनोगताची विनंती. मग काय ते घरचं. आणि शेवटी आभार.

मुलांना हे जड गेलं नाही. असं तर ती चालायला लागल्यापासून ऐकत होती. रुंजीला तर फारच सोपं वाटलं. लाजऱ्या मुलांचं असंच असतं. पाठ केलेलं ती घडाघडा म्हणतात, स्वतःचं बोलायची वेळ आली की अडतात. ती स्वागतापासून विनंतीपर्यंत खणखणीत आवाजात बोलली. मग घरचं आलं तसा आवाज बारीक झाला. पण एक अक्षर तिनं गाळलं नाही. करवंदीची जाळी आली, वाट आली, आई चरायला जायची वेळ आली.

तरस आला आणि भोपळे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुंजी शाळेत निघाली, तर वाटेत गबू भेटला. विसरलेली पाटी न्यायला तो आला होता. रुंजीनं त्याला विचारलं, राजा घरी आला तेव्हा कसं वाटलं?  गबूनं मामाच्या शेपटाची हकिगत सांगितली.

"आणि येताना तो तोंडातल्या तोंडात काय म्हणत होता माहितीये? 'वळण आलं, आता मोडका उंबर.' मी उकरायला गेलो नव्हतो त्या दिवशी. मी ऐकलं."

रुंजीला करवंदीची जाळी आठवली. आई दूर माळावर गेली होती. भावाला उचलता येणार नव्हतं आणि त्याला चालता येत नव्हतं. उरला होता तो भोपळा. तो उघडायच्या आत पळवता आला तर.

ती धावत सुटली. इतकी धावली की गुहेपाशी पोचेपर्यंत तिला आपण लाजऱ्या आहोत याचंही भान राहिलं नाही.

पण उशीर झाला होता. गुहेच्या तोंडाशी वाघ पाय पसरून बसला होता आणि तरस मेण काढत होता. एवढ्या भोपळ्यांतून त्यानं नेमका रुंजीचा उचलला होता. "भेकराचा आहे, महाराज," तो म्हणाला. "कोवळा असणार." रुंजी झुडपाआड दबून बसली.

भोपळ्यातून तिचाच आवाज आला. "सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..."

वाघानं तरसाकडे पाहिलं. तरस म्हणाला, येईल महाराज, पत्ता पुढे येईल. वंदन झालं. मान्यवर झाले. स्वागतगीत सुरू झालं. वाघाच्या पोटात कावळे कोकलत होते. तिसऱ्या कडव्याला त्यानं पंजा उगारला, पण भोपळा फुटला तर पत्ताही जायचा. त्यानं पंजा खाली घेतला. प्रास्ताविक झालं. वाघाच्या डोळ्यांवर झापड यायला लागली.

आणि परिचय सुरू झाला.

"आजचे आपले प्रमुख पाहुणे, महाराज, यांचा परिचय करून देणं म्हणजे सूर्याला काजव्यानं ओवाळण्यासारखं आहे."

वाघानं डोळे उघडले.

हा परिचय बाईंनी लिहून दिला होता. त्यांच्याकडे एकच परिचय होता आणि तो त्या सगळ्या पाहुण्यांना वापरायच्या. त्यात असं होतं, की पाहुणे अत्यंत साधे, मितभाषी, निर्व्यसनी आणि प्राणिमात्रांना जीव लावणारे आहेत. बालपण हलाखीत गेलं. कष्टानं वर आले. पण पाय जमिनीवरच आहेत.

वाघानं आपल्या पायांकडे पाहिलं. खरंच जमिनीवर होते.  आजवर त्याच्याबद्दल सगळे फक्त ओरडायचे. इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

मग सत्कार झाला. "शाल आणि श्रीफळ देऊन पाहुण्यांचा सन्मान करीत आहोत," असं भोपळा म्हणाला. वाघानं मान पुढे केली. तरसाला काही सुचेना. त्यानं शेजारचं पळसाचं एक वाळकं पान वाघाच्या खांद्यावर ठेवलं. वाघानं ते पडू दिलं नाही.

"आता मी पाहुण्यांना विनंती करते, की त्यांनी दोन शब्द बोलावेत."

वाघ उठला. घसा खाकरला. समोर तरस एकटाच होता, पण वाघानं लांबवर नजर टाकली, जसं काही मैदान भरलं आहे.

"माझ्या मुलांनो," वाघ म्हणाला, "खरं तर मला बोलता येत नाही."

आणि तो बोलायला लागला.

भोपळा थांबला नव्हता. भोपळ्याला थांबता येत नाही. वाघाच्या आवाजाखाली रुंजीचा बारीक आवाज चालूच होता. झुडपात तिला तो ऐकू येत होता, कारण पुढचा प्रत्येक शब्द तिला माहीत होता. माझा भाऊ. त्याच्या पाठीवरचे ठिपके. टेकडीच्या मागे.

वाघ सांगत होता, आमच्या वेळी शाळा नव्हती.

करवंदीची मोठी जाळी.

वाघ सांगत होता, आईनं आम्हाला फार कष्टानं वाढवलं. एका सांबरात चौघं भागवायचो.

जाळीला एकच वाट आहे. ती...

रुंजीनं डोळे मिटले. त्याच वेळी तरसानं हळूच मान वळवली आणि भोपळ्याकडे कान नेला.

"तिकडे काय ऐकतोस?" वाघ गरजला. "मी बोलतोय ना?"

तरस ताठ बसला. टाळ्या वाजवायची जागा आली असावी असं वाटून त्यानं टाळ्या वाजवल्या. वाघ खूश झाला आणि बालपण संपवून तारुण्याकडे वळला. मग आजची पिढी आली. मग जंगलाची संस्कृती आली. वेळेचं भान ठेवून थांबतो, असं तो म्हणाला आणि थांबला नाही. सूर्य गुहेच्या माथ्यावरून पलीकडे सरकला तेव्हा कुठे तो बसला. त्याला धाप लागली होती.

भोपळ्यातून शेवटचं वाक्य आलं. "...आणि पाहुण्यांनी आपल्या बहुमोल वेळातला वेळ काढला, याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार."

मग भोपळा रिकामा झाला.

"पोरीनं मधे काय सांगितलं रे?" वाघानं विचारलं.

"आभार मानले, महाराज," तरस म्हणाला. त्याला एवढंच ऐकू आलं होतं.

"गुणी पोर आहे," वाघ म्हणाला. खांद्यावरचं पान त्यानं नीट केलं. "पुढचा भोपळा उघड."

रुंजी घरी गेली. भाऊ जाळीत झोपला होता. आई येईपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. आई आल्यावर तिनं सगळं सांगितलं. आईनं त्याच संध्याकाळी जागा बदलली आणि नवी जागा रुंजीला सांगताना तिच्या कानात सांगितली.

बाकीचे भोपळेही असेच रिकामे झाले. प्रत्येकात सत्कार होता, प्रत्येकात विनंती होती, आणि प्रत्येक वेळी वाघ उठला. बोलून बोलून त्याला दुखरा पायही बरा वाटायला लागला. आता त्याला आसपासच्या जंगलांतल्या शाळाशाळांतूनही बोलावणी येतात. साळिंदरबाई सगळी व्यवस्था बघतात. वाघाला पहिल्या रांगेपासून जरा लांब, उंच दगडावर बसवतात. समोर बोरं आणि करवंदं ठेवतात. बोलण्याच्या नादात तो तीही खातो. तरसानं नोकरी सोडली. माकडांना आता ओरडावं लागत नाही, कारण वाघ कुठल्या दिवशी कुठे असणार, हे निमंत्रणावर आधीच छापून येतं.

धनेश सरांना मात्र हळहळ वाटली. त्यांनी गबूला पैकीच्या पैकी गुण दिले, कारण त्याचा पॉडकास्ट ऐकून श्रोता घरापर्यंत गेला होता. रुंजीच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, "श्रोत्यावर काहीही परिणाम नाही." ती नापासच व्हायची. पण मोठ्या बाईंनी आभारप्रदर्शनाचे गुण वेगळे दिले, म्हणून ती वरच्या वर्गात गेली.

तात्पर्य: मुलांनो, बोलणं मनमोकळं, खरं आणि नेमकं असावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. लिहून घ्या, परीक्षेत येतं. पण ऐकणाऱ्याचे दात तुमच्यापेक्षा मोठे असतील, तर त्याला काही सांगू नका. त्याचा सत्कार करा आणि दोन शब्द बोलायची विनंती करा.